तीन वर्ग, एक प्रयोगशाळा आणि गावातला वेल्डर

गाईचे वजन काट्याशिवाय कसे काढायचे? पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर टेपने मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. दोन्ही मापे इंचांत घ्यायची, घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे. उत्तर किलोत येते. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच भरली तर गाय साधारण २७३ किलोची. जंताच्या औषधाचा डोस याच वजनावर ठरतो.

एका लहान गावच्या हायस्कुलात नववीच्या मुलांना हे करताना मी पाहिले. शाळेशेजारच्या गोठ्यातली गाय, दावे धरायला एक मुलगा, टेप धरायला दोन मुली, बाकीच्यांच्या हातात वह्या. पहिल्या गटाचे उत्तर २४६ आले, दुसऱ्याचे २७३. मुले आधी भांडली, मग पुन्हा मोजायला गेली. पहिल्या गटाने टेप नको तितकी आवळली होती आणि घेर ३ इंच कमी भरला होता. तीन इंचांच्या चुकीने २७ किलो कमी कसे झाले, हे कोडे त्यांना पडले. सरांनी लगेच उत्तर दिले नाही. ‘आता लांबीत ३ इंचांची चूक करून बघा,’ एवढेच म्हणाले. लांबी ५३ धरली तर फरक फक्त १६ किलोंचा आला. तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘सर, घेराचा वर्ग होतो ना, म्हणून त्याची चूक दोनदा लागते.’

वेळापत्रकात तो तास व्यवसाय शिक्षणाचा होता. त्यात जीवशास्त्र होते, गणित होते आणि मोजमापातली चूक पुढे कशी वाढत जाते, हा पदार्थविज्ञानाचा धडाही होता. लहान हायस्कुलातले विज्ञान आणि व्यवसाय शिक्षण यांचा आढावा घेताना मला या गाईपासून निघावेसे वाटते, कारण आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या योजनांनी या दोन गोष्टी वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या खोल्यांत आणि वेगवेगळ्या मुलांसाठी ठेवल्या. मोठ्या शाळेला ते एकवेळ परवडते. लहान शाळेत त्यामुळे दोन्ही कोरडी पडतात.

लहान शाळा म्हणजे कोणती, ते आधी सांगतो. आठवी ते दहावीचे तीन वर्ग, पट शंभर-सव्वाशे, दोन-तीन वाड्यांवरून चालत किंवा एसटीने येणारी मुले. शिक्षक किती मिळणार ते संचमान्यतेवर, म्हणजे मंजूर पदांवर, आणि संचमान्यता पटावर अवलंबून. म्हणजे बी.एस्सी., बी.एड. झालेला एकच माणूस तिन्ही वर्गांचे विज्ञान घेतो, बहुतेक वेळा गणितही घेतो आणि निवडणुकीचे काम आले की तेही करतो. प्रयोगशाळा सहायकाचे पद रिक्त किंवा मंजूरच नाही. मी ज्या शाळेत शिकलो तिथे प्रयोगशाळेच्या खोलीत दहावीचा वर्ग भरायचा. परीक्षानळ्या, चंचुपात्रे, स्पिरिटचा दिवा आणि एक सूक्ष्मदर्शक अशी सगळी मालमत्ता आमच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात होती. तीन वर्षे आम्ही ती काचेतून पाहिली. फुटले तर भरून कोण देणार, या भीतीने कपाट उघडले जात नसे. सरांना मी दोष देत नाही. वस्तूंची नोंदवही त्यांच्या नावावर होती.

शाळेत कामाचे शिक्षण असावे ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि ‘कमवा आणि शिका’ने हजारो गरीब मुलांचा शिक्षणाचा खर्च त्यांच्याच श्रमातून उभा केला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. त्यातला मूळ विचार हस्तव्यवसाय हा एक विषय म्हणून शिकवण्याचा नव्हता. सूतकताई करता करताच गणित, भूगोल, इतिहास आणि विज्ञान शिकायचे, असा होता. हा ‘करता करता’ पुढे गळून पडला. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेने २००५ पासून तो धागा पुन्हा हाती घेतला आहे, पण सरकारी वेळापत्रकात तो कधी नीट उतरला नाही.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव हा शब्द दिला. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवले. कागदावर दोन्ही कल्पना उत्तम होत्या. वर्गात आमच्या वाट्याला आले ते खडू, मेणबत्त्या आणि क्रेपच्या कागदाची फुले. विषयाला श्रेणी होती, गुण नव्हते, त्यामुळे दुसऱ्या सत्रात त्या तासाला गणिताचे सर येत. तपासणीच्या आदल्या दिवशी बाजारातून मेणबत्त्या आणून त्यांवर आमच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मला आजही त्याची लाज वाटते, कारण मेण किती तापमानाला वितळते आणि थंड होताना मेणबत्तीच्या मधोमध खळगा का पडतो, हे त्याच तासाला सहज शिकता आले असते.

टेक्निकल हायस्कुलांचे काम मात्र खरे होते. शासकीय तांत्रिक विद्यालयात आसपासच्या शाळांतली मुले ठरलेल्या दिवशी येत, फिटिंग आणि सुतारकाम करत, इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकत. कानशीने लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायला किती दिवस लागतात, हे ज्यांनी तिथे अनुभवले ते अजून विसरलेले नाहीत. पुढे आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्रवेशात या मुलांसाठी काही जागा राखीवही असत. पण ही विद्यालये शहरांत आणि तालुक्याच्या गावी. वीस किलोमीटरवरच्या हायस्कुलातल्या मुलाला, त्यातही मुलीला, त्यांचा उपयोग नव्हता.

अकरावी-बारावीच्या पातळीवर आधी द्विलक्षी अभ्यासक्रम आले, मग किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेकडे वळवायचे ठरवले होते. देश त्या आकड्याच्या जवळपासही पोचला नाही. २०२० च्या धोरणातच बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे कबुली आहे: १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहून कमी. जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के दिले आहे. याचे खापर नेहमी पालकांच्या मानसिकतेवर फोडले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्या शाखेला ‘नापासांची शाखा’ म्हणून सुरुवातीपासून वेगळे काढले, तिच्याकडे पालकांनी आनंदाने यावे ही अपेक्षाच चुकीची होती.

विज्ञानाच्या बाजूनेही मोठे प्रयत्न झाले, आणि त्यांतला एक प्रत्येक लहान शाळेने समजून घ्यावा असा आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू झाली. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी ती उभी केली, १९८२ पासून एकलव्य या संस्थेने सांभाळली. मुलांनी चार-चारच्या गटात स्वस्त किट वापरून प्रयोग करायचे, शेतात आणि ओढ्यावर जाऊन निरीक्षणे घ्यायची, निष्कर्ष स्वतः लिहायचे. परीक्षेत पुस्तक उघडून पाहायला परवानगी होती आणि प्रात्यक्षिक खरोखर होत असे. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये तिथल्या सरकारने बंद केला. तो बंद पडला तरी त्याच्या अंगणात वाढलेले काम आपल्यापर्यंत पोचले. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे नि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, घन, चतुष्फलक करायला शिकले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली शेकडो खेळणी मराठीतही उपलब्ध आहेत. लहान शाळेला महागडे साहित्य लागते, या समजुतीला त्यांच्या कामाने कायमचे उत्तर दिले आहे.

आता पाबळ. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण या सगळ्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मला तिथे सापडते.

डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ पदावर होते, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट. मुदतीआधी निवृत्ती घेऊन १९८३ मध्ये ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावी राहायला गेले आणि जे. पी. नाईकांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू केला. गावच्या हायस्कुलातल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, म्हणजे आयबीटी, हा विषय बांधला. बोर्डानेही त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामाचा. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. वर्गाचे गट करायचे आणि प्रत्येक गटाने चारही विभागांतून फिरायचे. शिकवायला गावातलेच कारागीर, त्यांना निदेशक म्हणायचे. मुलांनी गावाला खरी सेवा द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे: शाळेचे बाक दुरुस्त करणे, रोपे तयार करून विकणे, माती तपासून देणे, रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे.

यातल्या तीन गोष्टी लहान शाळेला नेमक्या बसतात.

पहिली, वेळेचे गणित. तीन वर्गांना आठवड्यातून प्रत्येकी एक दिवस म्हणजे निदेशकाचे तीनच दिवस. उरलेले तीन दिवस तो आपला धंदा करतो. गावातला वेल्डर धंदा सोडून शाळेत पूर्णवेळ येणार नाही, आणि येऊही नये. धंद्यात असतो म्हणूनच त्याच्या हाताला सफाई असते.

दुसरी गोष्ट गुणांइतकीच महत्त्वाची आहे. सेवेचे पैसे घेतले की काम नीट व्हावे लागते. बाजारच्या मेणबत्तीवर चिठ्ठी चिकटवून चालत नाही, कारण बाक डुगडुगला तर मुख्याध्यापक परत पाठवतात.

तिसरी गोष्ट बहुकौशल्याची आहे, आणि शाळेतल्या हातकामावरच्या आजवरच्या सर्वांत गंभीर आक्षेपाशी तिचा संबंध आहे. जातीच्या समाजात शाळेने हातकाम शिकवले तर लोहाराचे पोर पुन्हा भात्यापाशी आणि चांभाराचे पुन्हा रापीपाशी जाईल, ही भीती खोटी नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. तिला ‘कुलकल्वी’ म्हणजे कुळाचे शिक्षण असे नाव पडले, प्रचंड विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. तो विरोध योग्यच होता. आपल्याकडे पालक बैठकीत ‘पोराला वेल्डर करायला शाळेत घातलं का?’ असा प्रश्न येतो, त्यामागेही पिढ्यांचा अनुभव असतो. त्याला उत्तर एकच: सगळ्या मुलांनी सगळी कामे करायची. पाटलाच्या पोराने शेणखत कालवायचे, मुलींनी वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरायची, मुलांनी कणीक मळायची आणि ‘हे माझे काम नाही’ म्हणायची मुभा कुणालाच नाही. तेराव्या वर्षी धंदा निवडायचा नसतो. जगात वस्तू कशा होतात ते हाताने समजून घ्यायचे असते.

म्हणून सध्याच्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातल्या योजनेबद्दल माझे मत सरळ आहे. नववी-दहावीला व्यवसाय विषय बोर्डाच्या परीक्षेत आला, त्याला गुण मिळाले, ही जमेची बाजू. पण लहान शाळेला एखाद-दुसराच ट्रेड मिळतो, आणि तो कधी रिटेल असतो, कधी ब्युटी अँड वेलनेस. ज्या गावात किराणा मालाची दोन दुकाने आहेत तिथल्या मुलांना मॉलमधली मांडणी शिकवण्यात काय हशील? त्याच योजनेतला मल्टी स्किल अभ्यासक्रम पाबळच्या विचारातून आलेला आहे. लेंड अ हँड इंडियासारख्या संस्थेने तो राज्याबाहेरच्या शाळांतही नेला. माझा आग्रह आहे की शंभर-दीडशे पटाच्या प्रत्येक हायस्कुलाला दुसरा कुठलाही ट्रेड देण्याआधी हाच द्यावा. निदेशकांचे मानधन वेळेवर होत नाही ही तक्रार सतत कानावर येते. ती दूर झाल्याशिवाय मात्र कोणताही अभ्यासक्रम टिकणार नाही.

नियमच लहान शाळेच्या विरोधात कसे जातात, याची दोन उदाहरणे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण ते शंभराहून अधिक पट असेल तरच. पट ९२ असेल तर त्या ९२ मुलांना हाताने काम शिकवायला कायद्याने कुणीच नाही. दुसरे उदाहरण अटल टिंकरिंग लॅबचे. २०१६ पासून सुरू झालेल्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते, त्यात थ्री-डी प्रिंटरपासून सेन्सरपर्यंत साहित्य येते. मुले त्यात रमतात, हे मी पाहिले आहे. पण सुरुवातीच्या निकषांत १,५०० चौरस फूट जागा मागितली होती. एवढ्या जागेत लहान हायस्कुलाचे तिन्ही वर्ग बसतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या आहेत. त्या देताना तरी जागेची अट पटाच्या प्रमाणात ठेवावी.

परीक्षेबद्दल थोडक्यात. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे १०० गुण, त्यांतले ४०-४० लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे. हे २० गुण शाळा देते आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांना भरभरून देते. ज्याने प्रयोग केला आणि ज्याने प्रयोगवही उतरवून काढली, त्यांच्यात फरक राहत नाही. हे २० गुण जर कामाच्या दिवशी केलेल्या आणि गावात उभ्या असलेल्या एखाद्या वस्तूवर किंवा मोजणीवर दिले, तर विज्ञान आणि व्यवसाय शिक्षण परीक्षेतही एकत्र येतील. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

हे एकत्र येणे कसे दिसते? गाय मोजली त्याच हायस्कुलात दहावीचा वर्ग ‘विद्युतधारेचे परिणाम’ शिकत होता, आणि त्या दिवशी निदेशक म्हणून गावातला वायरमन आला होता. शाळेच्या संगणक खोलीत कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत. वायरमनने होल्डरला दोन वायरी लावून १०० वॅटचा बल्ब घेतला. मुलांना रबरी चपला घालून लांब उभे केले. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लखलखला. फेज आणि अर्थमध्ये जोडला तर तार नुसती लालसर झाली. मग सगळा वर्ग मागच्या बाजूला अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेला. खड्डा उन्हाळाभर कोरडा पडला होता, तारेवर गंज चढला होता. मुलांनी तार घासली, नटबोल्ट आवळला, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरले, चार बादल्या पाणी ओतले. पुन्हा बल्ब लावला तेव्हा तो जवळजवळ पूर्ण पेटला. विज्ञानाच्या बाईंनी तिथेच, खड्ड्याच्या काठावर, ओहमचा नियम सांगितला: रोध कमी झाला, धारा वाढली. मीठ कशाला, असे एकाने विचारले. बाई म्हणाल्या, ‘नववीत आयन शिकलात ना, ते हेच.’ मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी काचेच्या कपाटासमोर बसून तीन वर्षांत कधी अनुभवले नव्हते. संगणक खोलीतल्या झिणझिण्या गेल्या. त्या वर्गाचे हे काम बोर्डाच्या कुठल्याच रकान्यात लिहिता आले नाही.

बाई आणि वायरमन एकाच वेळी खड्ड्यापाशी होते, म्हणून हे घडले. वायरमन एकटा असता तर अर्थिंग दुरुस्त झाले असते. बाई एकट्या असत्या तर नियम फळ्यावर लिहिला गेला असता. मोठ्या शाळेत या दोघांचे तास जुळवायला वेळापत्रक समिती लागते. लहान शाळेत दोघे एकाच खोलीत चहा घेतात. पट कमी, गट लहान, गोठा आणि शेत हाकेच्या अंतरावर, पालक ओळखीचे: हे लहान शाळेचे भांडवल आहे. आजवर आपण तिला मोठ्या शाळेची अपुरी प्रत समजत आलो आणि तिच्या उणिवाच मोजत बसलो.

२०२० चे धोरण सहावीपासून व्यवसायाची ओळख, सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर, असे म्हणते. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार केले आहेत: सजीवांबरोबरचे, यंत्र आणि साहित्याबरोबरचे आणि माणसांच्या सेवेचे. त्यावर आधारित ‘कौशल बोध’ हे सहावीचे पुस्तक एनसीईआरटीने २०२४ मध्ये काढले. दिशा बरोबर आहे. पण दहा दिवसांची सहल आणि आठवड्यातला एक दिवस यांत फार अंतर आहे. वर्षाचे कामाचे पस्तीस दिवस मिळाले तर मुलगा चुकतो, परत करतो आणि तिसऱ्यांदा त्याला जमते. दहा दिवसांत तो फक्त बघून येतो. विज्ञानाच्या शिक्षकाला त्या दिवसांशी जोडले नाही, तर कौशल्याचा तासही कार्यानुभवाच्या वाटेनेच जाईल, अशी मला काळजी वाटते.

म्हणून माझे मागणे मंत्रालयापेक्षा गावाकडे आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, माजी विद्यार्थी असाल, वायरमन, वेल्डर, नर्स किंवा रोपवाटिका चालवणारे असाल, तर येत्या जूनमध्ये मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवीच्या एका वर्गासाठी आठवड्यातला एक दिवस मागून घ्या. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्या दिवशी तुमच्याबरोबर उभे राहावे, एवढी एकच अट घाला. साहित्यासाठी थांबू नका. टेप शिंप्याकडे मिळते आणि गाय कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात असतेच.